बाई पळतेय

वजनमापे खात्यात त्याला सगळे काटा म्हणायचे, आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी घरात बायकोही तेच म्हणायची. दुकानदाराच्या तराजूत चिमूटभर फरक सापडला की त्याचा चेहरा असा फुलायचा, जसा इतरांचा पहिलं मूल झाल्यावर फुलतो. त्याला दुसरं काय म्हणणार? असली माणसं घरी बसली की घराचा जीव घेतात. काट्याने तो घेतला हाय-फाय बांधून.

गोष्ट तशी साधी. जुन्या रेकॉर्ड फिरवायला टर्नटेबल, आणि आवाज मोठा करायला काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. दोन्ही तयार मिळतात. पण तयार घेतो तो गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक म्हणजे फसायला जन्माला आलेला प्राणी, हे काट्याने नोकरीभर पाहिलं होतं. गावात या विषयातले जाणकार म्हणून मिरवणारे चार जण होते. त्यांतला एक म्हणाला, "वायर चांदीची घ्या, आवाजाला खोली येते." काटा म्हणाला, "किती येते? मोजून दाखवा." तेव्हापासून ते चौघे रस्त्यात त्याला ओळख देत नव्हते. पीडा गेली.

जेवणाचं टेबल दोन वर्षं त्याच्या ताब्यात होतं. ट्रान्सफॉर्मर त्याने हाताने गुंडाळला, तांब्याच्या तारेचा एकेक वेढा मोजत. अकराशे चाळिसाव्या वेढ्याला बायकोने विचारलं, "वाढू का?" आकडा डोक्यातून गेला. त्याने सगळी तार उलगडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुढचे दोन दिवस घरात खाणाखुणांवर संसार चालला.

मग स्पीकरमधून घूं आवाज यायला लागला. तो मारायला तीन आठवडे गेले. ज्या दुपारी तो मेला त्या दुपारी काट्याने बायकोला ओढत आणलं.

"कान लाव. काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"तेच तर!"

"हे 'काहीच नाही' ऐकवायला मला साबणाच्या हाताने बोलावलंत?" मग तिने लालसर पेटलेल्या व्हॉल्व्हच्या रांगेकडे पाहिलं. "म्हातारपणी काय दिवे लावलेत हो!"

पण हा सगळा उपद्व्याप होता ताईसाठी. ताई त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिने त्याला वाढवलं ते कानाला धरून. गणितात अठ्ठ्याण्णव मिळाले तेव्हा म्हणाली, "दोन कुठे सांडलेस?" बढती मिळाली तेव्हा म्हणाली, "लोक शिव्या देत असतील." त्रेसष्ट वर्षांत तिच्या तोंडून त्याने 'छान' हा शब्द स्वतःबद्दल ऐकला नव्हता, आणि तो त्याला एकदा, फक्त एकदा ऐकायचा होता. लग्नाआधी ताई बाबांच्या प्लेअरसमोर मांडी घालून एका रेकॉर्डवरून गाणं शिकली होती. पुढे प्लेअर भंगारात गेला, रेकॉर्ड घर बदलताना फुटली, आणि ताईचं गाणं संसारात विरलं. काट्याने तीच रेकॉर्ड कुठून कुठून शोधून काढली. आता ताई आठ दिवस राहायला आली होती.

दुपारी तिला खुर्चीत बसवलं. व्हॉल्व्ह तापू दिले. सुई टेकवली. एक चरचर नाही, एक खरखर नाही, आणि खोलीच्या मधोमध ती गाणारी बाई येऊन उभी राहिली. काटा ताईच्या तोंडाकडे टक लावून.

ताई म्हणाली, "ही ती नव्हे."

"अगं, तीच! हे बघ, नाव आहे वर."

"नावाचं काय घेऊन बसलास? हिला कुठली गाडी पकडायचीय? ती कशी सावकाश यायची. हिने तर किंचाळत धूम ठोकलीय."

ताईने सूर धरून पाहिला. वरच्या जागेला गळा चढेना, ठसका लागला. काट्याने धावत जाऊन रेघांची चकती आणली, रेकॉर्डवर ठेवली, दिवा धरला. वेग अचूक असेल तर फिरत्या चकतीवरच्या रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात.

"बघ ताई! थांबल्या. केसाचाही फरक नाही."

"रेघा थांबल्यात रे, पण बाई पळतेय त्याचं काय?"

दाराआड बायको पदर तोंडात कोंबून हसत होती. काटा पेटला. "ताई, वय झालं की कान दगा देतात. यंत्र खोटं बोलत नाही."

ताई खुर्चीत मागे रेलली. "असेल बाबा," ती म्हणाली. "माझंच चुकत असेल. बंद कर."

काटा जिंकला होता. आयुष्यात पहिल्यांदा ताईने हार मानली होती, आणि त्याला कुणी भर बाजारात थोबाडीत मारल्यासारखं वाटलं. कारण त्याच क्षणी त्याला सगळं आठवलं. गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही.

"ताई, तुझे कान बरोबर आहेत," तो म्हणाला. "बाबांच्या प्लेअरचा रबरी पट्टा मी काढला होता. नऊ वर्षांचा असताना. गलोलीला. त्याजागी सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली. ती घसरायची, म्हणून प्लेअर हळू फिरायचा. तुझी रेकॉर्ड घरात आली ती त्यानंतर."

"म्हणजे मी जन्मभर चुकीचं गाणं गायले?"

"हो."

"कितीने?"

"शंभरात सहा," काट्याच्या तोंडून निघून गेलं. तेव्हाही त्याने फेरे मोजले होते; मोजायची खोड मेल्याशिवाय जात नाही.

"बाबांनी तीनदा मेकॅनिक आणला होता रे गाढवा! आणि त्या गलोलीने मारलंस काय?"

"मास्तरांचा चष्मा."

"तो तू होतास?" ताई खुर्चीतून अर्धी उठली. मग परत बसली. "बरं. आता हळू कर ती."

"होत नाही. बटण नाही ठेवलं. मुद्दामच." बांधताना त्याला वाटलं होतं, वेग म्हणजे काय मत आहे का, ज्याने त्याने आपापलं बाळगायला?

"मला ते सांगू नकोस. तू बिघडवलंस, तूच कर."

नोकरीत काट्याने तागडीला हळूच बोट लावणारे शेकडो दुकानदार पकडले होते. एकालाही सोडलं नव्हतं. आता तो गुडघ्यावर बसला, सुई पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवली आणि स्वतःच्या हाताने कातलेल्या, केसाचाही फरक नसलेल्या, रेकॉर्डखाली फिरणाऱ्या पितळी तबकाच्या कडेला बोट टेकवलं.

"आणखी," ताई म्हणाली. "आणखी. जास्त झालं. हां."

बाई सावकाश झाली. आवाज खाली उतरला, जडावला. ताईने डोळे मिटले आणि गायला लागली. गळा फाटका, दम अपुरा, पण बाई जिथे थांबायची तिथे ताई आधीच थांबून तिची वाट पाहत होती. वरची जागा आली आणि ती चढली, आरामात.

"छान," ताई म्हणाली. "छान म्हणते रे ही."

ही म्हणजे ती बाई. काट्याला कळलं. घासून घासून बोट पोळायला लागलं होतं. त्याने हात बदलायला म्हणून ते जरासं उचललं.

"ए!" ताईने डोळे न उघडता दम भरला. "पळाली बघ. धर."