पिंजऱ्याच्या घड्याळाची चावी

अर्धांगाच्या झटक्यात आप्पासाहेबांचा उजवा हात गेला, उजवा पाय अर्धामुर्धा गेला, जीभ मात्र जागच्या जागी शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, नशीब. माधवी म्हणाली, कुणाचं?

हे ती मनात म्हणाली. सासऱ्याच्या आजारपणात सुनेला जे म्हणायचं असतं त्यातलं बारा आणे मनातच म्हणावं लागतं, आणि उरलेलं चार आणे भांड्यांवर निघतं. पणदऱ्याच्या त्या घरातल्या बऱ्याचशा पातेल्यांना दिवाळीपासून पोचे पडले होते.

भांडण एकच होतं, घासाचं. उजव्या हातात घास धरवत नव्हता. डाव्या हातानं जेवायचं नाही, हा आप्पांचा कायदा. चमचा दिला तरी तो धरायचा डाव्यातच, म्हणून चमचाही बाद. बरं, कुणी भरवावं म्हटलं तर, "मी काय उष्टावणाचं पोरगं हाय व्हय?" उजवा चालत नाही, डावा चालवून घेत नाही, दुसऱ्याचा नको; मग आता सोंडेनं जेवणार आहात का, असं माधवीच्या अगदी ओठांवर यायचं. शेवटी सासूबाई, शकुबाई, तीन घास कसेबसे भरवायच्या आणि चौथ्याला आप्पा तोंड मिटून भिंतीकडं बघायचे. झालं जेवण.

व्यायाम घ्यायला बारामतीहून सोनल यायची. पोरगी हसरी, पण तिचंही हसू आताशा उंबऱ्याबाहेरच्या चपलांपाशी राहायचं.

"आप्पा, डावा हात चांगला आहे की तुमचा. त्यानं जेवायला काय हरकत आहे?"

"पोरी, डाव्या हातानं मानूस काय करतो ठावं हाय का तुला?"

"हात धुतात की त्यानंतर."

"हात धुतल्यालं आपल्याला कळतं. हाताला कुटं कळतंय?"

यावर फिजिओथेरपीच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. सोनल माधवीकडं बघायची, माधवी छताकडं.

हसण्यावारी न्यायची गोष्ट मात्र ती राहिली नव्हती. आप्पांची बंडी खांद्यावर टांगल्यासारखी दिसायला लागली होती. मागच्या वेळी बारामतीच्या डॉक्टरांनी वजनकाट्याकडं बघून सांगितलं होतं, सोमवारच्या खेपेला आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. ही नळी माधवीच्या डोक्यातून जात नव्हती. तिच्या वडिलांना शेवटी घातली होती. त्यांनी ती दोनदा उपटली, तेव्हा त्यांचे हात पलंगाच्या दांड्याला पट्टीनं बांधले होते. आप्पाही उपटणार, यात तिला शंका नव्हती. म्हणजे एक हात रोगानं नेला आणि दुसरा आपण बांधायचा. ती सोमवार जवळ येईल तसतशी जास्त चिडत होती, आणि ती चिडली की घरातले म्हणत, माधवीला आप्पांचा कंटाळा आलाय.

त्यातच "किती वाजलं?" सुरू झालं.

आप्पांच्या पलंगासमोर, काचेच्या कपाटावर, ते घड्याळ होतं. पितळी पिंजरा, खाली नक्षीची लाकडी बैठक, बैठकीवर पांढरी तबकडी आणि पिंजऱ्यात दांडीवर बसलेलं मूठभर पाखरू, खरीखुरी पिसं लावलेलं. तास भरला की ते मान वळवायचं, चोच उघडायचं, शेपूट हलवायचं आणि गायचं. बैठकीच्या आत एवढासा कातडी भाता आणि एवढीशी शिट्टी होती. ऐन तरुणपणी आप्पा विहिरीसाठी ऑइल इंजिन आणायला पुण्याला गेले होते. तिथं कुठल्याशा जुन्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव चालू होता. तिथं ते नुसते बघायला थांबले. शकुबाई ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायच्या, चहाच्या आधी. "इंजिन आनाया गेलं आन् चिमनी घिऊन आलं. ऊस वाळला, आमी बाया डोक्यावर पानी वाहिलं, आन् ह्यो पट्ठ्या वसरीत बसून तिचं गानं ऐकतुया."

घड्याळाला आप्पांशिवाय कुणी हात लावायचा नाही. चावी खुंटीवरच्या बंडीच्या खिशात. आजारपणात घड्याळ बंद पडलं ते बंदच होतं. त्यांच्या मुलानं, रविराजनं, एकदा चावी मागून बघितली. "मी मेल्यावर घे," असं उत्तर आलं, मग त्यानं पुन्हा विषय काढला नाही. आणि समोरचं घड्याळ बंद म्हणून दिवसभर, "माधवी, किती वाजलं?" पीठ मळताना किती वाजलं, धुणं पिळताना किती वाजलं. रविराजनं भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं. आप्पा म्हणाले, ह्ये मुकं हाय, ह्याच्यावर माजा भरवसा न्हाय.

शनिवारी रविराज कामानं भिगवणला गेला होता. येताना त्यानं चिलापी आणली, कारण माशावर आप्पांचा जीव. माधवीनं कालवण केलं, तुकडे तळले, काटा न् काटा काढला, आणि ताट घेऊन पलंगापाशी बसली. रविराज जेवून गोठ्याकडं गेला होता. शकुबाई अंगणात वाल सोलत होत्या.

आप्पांनी वास घेतला. डोळे मिटले. माधवीला वाटलं, आज जमलं.

"नगं."

"का नगं?"

"मासा दुसऱ्याच्या हातनं खाऊ न्हाय. काटा लागतो."

"काटं काढल्यात आप्पा. मी सोता काढल्यात."

"तुला दिसलं तेवढं काढलं आसशील." मग भिंतीकडं बघत, "किती वाजलं?"

माधवीनं ताट खाली ठेवलं. आदळलं नाही, ठेवलं, आणि हेच भीतीचं होतं. ती उठली, खुंटीवरच्या बंडीच्या खिशात हात घातला आणि चावी काढली.

"ए! काय करतीस?"

"घड्याळ चालू करत्ये. म्हंजी तुमी मला इचारायला नगं आन् मी सांगायला नगं. जेवू नका. सोमवारी नळी घालून घ्या. पर किती वाजता घातली त्ये तरी तुमचं तुमाला कळंल."

इतक्या वर्षांत तिनं त्यांना इतकी वाक्यं एका दमात ऐकवली नव्हती. घड्याळाच्या पाठीला दोन भोकं होती. पहिल्यात चावी गोडीत फिरली आणि टिकटिक सुरू झाली. दुसरं पाखराचं. त्यात चावी घातली तर ती हलेचना. माधवीनं पदर खोचला आणि जोर लावला.

"तशी न्हाय! पाखराची चावी डावीकडं फिरती! दात तुटतील आतलं!"

"कुनाच्या डावीकडं? माज्या का तुमच्या?"

"डावं त्ये डावं आसतंय, त्यात तुजं माजं काय! आगं सोड, सोड, मोडलं त्ये! आयुष्यात एक गोष्ट धड आनली मी ह्या घरात..."

"मग घ्या तुमीच!" म्हणून माधवीनं तो सगळा पिंजरा उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

आप्पांनी चावी धरली आणि फिरवली. उजव्या हातानं ती फिरवताना त्यांचं मनगट नेहमी अवघडायचं, दर वळशाला कण्हायचे ते. आज ती लोण्यातून फिरावी तशी गेली. एक वळसा, दुसरा, तिसरा. मग चावी मुठीत ठेवूनच त्यांनी बैठकीची बारकी खुंटी ओढली. आत भाता धापा टाकल्यासारखा हलला, आधी नुसतीच हवा आली, जुन्या कपाटाचा वास आला, आणि मग पाखरानं मान वळवली. गायलं. सुरुवातीला घसा बसल्यासारखं, मग स्वच्छ, उंच, वर चढून गिरक्या घेत खाली येणारं.

आप्पांचं तोंड लहान पोरासारखं उघडं राहिलं. माधवीला त्यांचा राग आलेला होता तो आला होताच, पण डोळ्यांत पाणी कशाला यावं हे तिला कळेना, म्हणून तिला आणखी राग आला.

शकुबाई वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊनच आत आल्या. "आली व्हय सवत जागी?" आणि मग त्यांची नजर खाली गेली. "आवो, डाव्या हातानं?"

आप्पांनी हाताकडं बघितलं. चावी अजून त्यातच होती. त्यांनी ती पटकन गोधडीवर टाकली, चोरी सापडल्यासारखी. माधवीला वाटलं, संपलं, आता घड्याळही गेलं.

आप्पा घसा खाकरून म्हणाले, "घड्याळ विलायती हाय. त्याला डाव्याउजव्याचा इटाळ न्हाय. त्यांच्यात चालतंय."

माधवीनं खाली ठेवलेल्या ताटाकडं बघितलं. एखादीच्या डोक्यात कधी कधी देव स्वतः येऊन बसतो, तसं झालं.

"आप्पा, चिलापी कुठली?"

"उजनीची. रव्या भिगवनला गेलता न्हवं?"

"धरली उजनीत. पर मूळची कुठली? तुमीच तर सांगता सगळ्यांला, ह्यो आपला मासा न्हाय, बाहेरच्या देशातनं आनून सोडला, आन् त्यानं आपलं मरळ-कटला खाऊन टाकलं. अर्धा अर्धा तास शिव्या घालता तुमी चिलापीला."

आप्पांनी सुनेकडं बघितलं. पंचायतीत समोरच्यानं आपलंच जुनं भाषण काढून वाचावं, तसे बघत राहिले.

"खरं हाय तिचं," शकुबाई म्हणाल्या. "परकीच हाय ती. ह्या पाखरावानी."

"मला शिकवू नगं." आप्पांनी ताटाकडं बघितलं. मग, "तिकडं त्वांड करा दोगीबी."

माधवीनं पिंजरा कपाटावर ठेवला, ताट त्यांच्यापुढं ठेवलं आणि दोघींनी पाठ फिरवली. भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या, एकीच्या हातात सूप, दुसरीच्या हातात काही नाही. मागं ताट सरकल्याचा आवाज आला. मग बोट चाटल्याचा आवाज आला. शकुबाईंनी माधवीला कोपर मारलं.

"भाकरी?" मागून आवाज आला.

माधवी वळली. चिलापीचा अख्खा तुकडा संपला होता. आप्पांच्या डाव्या हाताला रस्सा लागला होता आणि चेहऱ्यावर भयंकर राग होता.

"भाकरी घ्या की मग."

"भाकरी आपल्या ज्वारीची हाय. ती तू चार."

"आन् काट्याचं काय?"

"भाकरीला काटं आसत्यात व्हय?"

तर असं ते जेवण झालं. मासा आप्पांनी डाव्या हातानं खाल्ला, माधवी पाठमोरी असताना. भाकरी माधवीनं भरवली, समोरासमोर. आणि ती दर घासाला भिंतीकडून ताटाकडं आणि ताटाकडून भिंतीकडं वळत राहिली, इतकी की शेवटी तिला गरगरायला लागलं. अर्धी भाकरी गेली. महिन्यात गेली नव्हती. रविराजला हे सांगितलं तर त्याला काही केल्या कळेना. "म्हंजी डावा हात चालतो का न्हाय?" "मासा चालतो," माधवी म्हणाली. "बटाटा चालंल. टोमॅटो चालंल. मिरचीबी बाहेरनंच आलीय म्हनं, चालवून बघू." रविराज बायकोकडं काळजीनं बघत राहिला.

सोमवारी काट्यावर काय दिसेल हे तिला माहीत नव्हतं. दोन दिवसांत काय मोठा फरक पडणार? पण डॉक्टरांशी भांडायला आता तिच्याकडं काहीतरी होतं, आणि भांडायचा सराव तर होताच.

संध्याकाळी ती दुधाचा पेला घेऊन गेली. जेवणावेळच्या वळण्यानं मान धरली होती. आता दुधावरून वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. नको म्हणाले तर आपणच पिऊन टाकू, असं ठरवूनच ती आत शिरली.

आप्पा पेल्याकडं बघत होते.

"दूध कुठल्या गाईचं?"

"जर्सीचं. का?"

गोधडीखालून आप्पांचा डावा हात बाहेर आला.

"आन हिकडं. आन् तिकडं बघ."