नव्याच्या दिवशीची सपाट पायली

विश्वास कुणावर ठेवाल, मापावर की माप भरणाऱ्या हातावर? दुकानात चाळीस वर्षं काढल्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. हातावर. आणि हे मी स्वतः माप असून सांगतेय. मी फणसाच्या लाकडाची, पितळी काठाची, चार शेर धान्य पोटात घेणारी पायली बोलतेय.

कोकणात पावस गावी गंगारामचं धान्याचं दुकान होतं. गंगाराम चौथीपुढे शिकला नाही, पण माणूस बरोबर ओळखायचा. एकदा एक गिऱ्हाईक घरून आपली पायली घेऊनच आलं. ताडून पाहिलं, तर माझ्यात मूठभर जास्तच मावलं. बिचारा ओशाळला. गंगाराम म्हणाला, "ओशाळता कशाला? चहा घ्या. तपासून घेणारं गिऱ्हाईक मला आवडतं. ते दुसऱ्यांदा तपासत नाही."

विकताना तो माझ्यावर पट्टी फिरवून धान्य सपाट करायचा. पण आश्विन पौर्णिमेला, नव्याच्या दिवशी, पट्टी खुंटीला! आंब्याची पानं, भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल, अशी नव्याची जुडी दाराला, जात्याला, मलासुद्धा बांधायची. मग ज्यांचे हात आपल्या शेतात राबले, त्यांना नवं भात द्यायचं, काठावरची रास, म्हणजे शीग, सांडेपर्यंत. त्यांची नावं घेतल्यावरच नव्या तांदळाची खीर पानात पडायची. "आज मोजायचं नाय, आज आठवायचं," तो म्हणायचा.

पुढे दुकानात विजेचा काटा आला आणि मी घरी आले. तीन वर्षांपूर्वी गंगाराम गेला. मुलगा प्रथमेश तिकडे लोटे गावी कारखान्यात. घरात उरलो गंगारामची बायको प्रेमला आणि मी. आमचं दोघींचं बोलणं बेताचंच. घरात आवाज असायचा तो शेजारच्या सगुणाचा.

यंदा आषाढात प्रेमला अंगणात घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला. तिची भातलावणी सगुणाने केली, कापणीही तिनेच. वर रोज पेज आणायची आणि पायरीवर बसून गावभरच्या बातम्या सांगायची. प्रेमलाने मजुरीचं विचारलं, तर म्हणाली, "वयनी, पाय मोडलाय ना तुझा? मग डोक्याला काय झालंय?"

नव्याला प्रथमेश एका दिवसाच्या सुट्टीवर आला. बाजारातून तयार जुड्या आणल्या. गाडीला, फ्रीजला, पंपाला बांधल्या, फोटो काढून पाठवले. मला विसरला. असो. सगुणा टोपली घेऊन आली, तेव्हा प्रेमला म्हणाली, "काकीला पायली भर रे."

त्याने भरली. आणि लहानपणापासून दुकानात बसलेला तो हात माझ्या काठावरून सपकन फिरला. शीग खाली.

सगुणाने टोपली मागे घेतली. "काय रे बाला, मी गिऱ्हाईक हाय काय?"

"नाही हो काकी, माप बरोबर आहे. बघा तरी."

"बरोबर हाय, म्हणूनच नको."

रिकामी टोपली काखेत मारून ती गेली. खिरीलाही आली नाही. "कमी पडलं का गं?" प्रथमेशने आईला विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. जेवला, गाडीला किक मारली, लोट्याला परतला.

त्याला आता महिना झाला. मधे प्रेमला मला शिगोशिग भरून, लंगडत सगुणाकडे घेऊन गेली. तिने बसवलं, चहा दिला, पण भात घेतलं नाही. "तुझ्यावर माझा राग नाय, वयनी. त्याच्या हातून घेईन."

प्रेमलाने फोन लावला. पलीकडून प्रथमेश म्हणाला, "आई, सुट्टी कुठली आता? काकींना मोबाईलवर पैसे टाकतो. किती टाकू, ते सांग."

 प्रेमलाने आकडा न सांगता फोन ठेवला.

तेव्हापासून मी ओटीवर त्याची वाट बघत भरलेली बसून आहे. भरलेलं माप कुणीतरी लगेच ओतून घेतं, हीच माझी आजवरची सवय. भरलेपणी एकटं बसायची वेळ पहिल्यांदाच आली. रोज चार दाणे घसरतात, दोन मुंग्या नेतात. संध्याकाळी प्रेमला पडलेले दाणे वेचून परत वर ठेवते. तो आला आणि शीग ढळलेली असली तर? पायरीवर आता कुणी बसत नाही. प्रेमलाचा सगळा दिवस माझ्याकडे बघण्यात जातो.

प्रथमेशसारखं तुमचंही कुणाकडे जायचं राहिलं असेल, तर एवढं कराच. आपल्यासाठी कोण कोण राबलं, ते एकदा प्रामाणिकपणे आठवा. आणि आठवलं की स्वतः जा.