हात न उगारणारे मास्तर

थप्पड रोज जिथे बसे तिथेच बसली, वनाच्या डाव्या कानावर. मारणारा सुकदेव काही दांडगट मुलगा नव्हता. मारून झाल्यावर त्याने आपला तळवा पाहिला, नाक मुरडले आणि तळव्याला लागलेला पू वनाच्याच सदऱ्याला पुसून तो जागेवर जाऊन बसला. वर्ग खदखदून हसला.

मागच्या भिंतीशी बसलेल्या मंजुळाबाई मात्र सदऱ्यावरच्या त्या डागाकडे बघत राहिल्या.

शिंदखेडे तालुक्यातल्या त्या खेड्यातल्या लोकल बोर्डाच्या शाळेत बाई नुकत्याच रुजू झाल्या होत्या. पुण्याला ट्रेनिंग झालेले, सृष्टिविज्ञानाची आवड, बोलणे बेताचे. तिसरीचा वर्ग हेडमास्तर रुपचंद मास्तर घेत. बाईंनी काही दिवस मागे बसून त्यांची पद्धत पाहावी असे ठरले होते.

पद्धत सोपी होती. मास्तर तोंडी हिशेब घालीत. ज्याला येईना त्याने उभे राहायचे. ज्याला येई त्याने उठून उभ्या मुलाच्या थोबाडीत द्यायची. कोणी हलक्या हाताने मारले, तर मास्तर गोड आवाजात म्हणत, "लागली नाही रे त्याला. पुन्हा दे."

"बाई, सगळा तालुका पालथा घाला," सुट्टीत तपकिरीची चिमूट ओढीत मास्तर म्हणाले, "आजवर एका पोरावर मी हात उगारला नाही. शाळेत छडीसुद्धा ठेवली नाही! पोरंच पोरांना वळण लावतात. अन् वर्ग कसा चिडीचूप!"

"त्या मुलाच्या कानातून पू वाहतो, गुरुजी."

"वनाच्या ना? ढ आहे तो. आईनं कानात तेल घातलं, कापूस घातला. डोक्यात काय घालणार?" आणि मास्तर आपल्याच विनोदावर पोट धरून हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आणखी दोन दिवस नुसते पाहिले. सगळी मुले उजव्या हाताने मारीत, म्हणून समोरच्याचा डावा कानच सापडे. वनाची जागा उजव्या भिंतीला लागून, शेवटच्या रांगेत. म्हणजे धड कान भिंतीकडे आणि वाहता कान मास्तरांकडे. हिशेब त्याला अर्धाच ऐकू जाई. अर्ध्या हिशेबाचे उत्तर चुके आणि चुकले की पुन्हा त्याच कानावर थप्पड! या सगळ्यात कोणाला राग आलेला नसे, याची बाईंना सर्वांत जास्त किळस वाटली. दळण दळावे तसे चालले होते.

तिसऱ्या दिवशी वनाची आई कमलबाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, मना वनानं नाव काढी टाका. त्याना डोकामा काहीच जात नही. आते त्याले बकऱ्या चाराले धाडसू."

"मी तेच सांगणार होतो, अक्का," मास्तर लगबगीने म्हणाले. "डेप्युटी साहेब तपासणीला यायच्या आत काढलेलं बरं. उगाच वर्गाचा निकाल खाली येतो."

"थोडं थांबा," बाई उठल्या. त्यांनी टेबलावरचे घड्याळ उचलले, वनाला डोळे मिटायला सांगितले आणि घड्याळ त्याच्या डाव्या कानाशी धरले. वना मख्ख उभा. मग उजव्या कानाशी धरले.

"वाजस, बाई! टिकटिक करस!"

कमलबाई पुढे आली. "म्हनजे हाऊ बहिरा शे?"

"एका कानानं. शाळेत घातलं तेव्हा होता का?"

"नही वं माय! तवय त्याले बठ्ठं आयकू ये."

मास्तरांनी घसा खाकरला. बाईंनी वनाला हाताशी धरून पहिल्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसवले, धड कान मास्तरांकडे येईल असा. "गुरुजी, एक हिशेब घाला. तो आला नाही, तर नाव काढा."

"घालतो की. एका गाडीत अकरा गाठी कापूस. अशा सात गाड्या स्टेशनावर गेल्या, तर गाठी किती? आधी हुशाराला विचारू. सांग रे सुकदेव!"

वनाची जागा बदललेली, दारात त्याची आई उभी, त्यात सुकदेव गोंधळला. "सत्तर... नाही, अडुसष्ट."

"सत्त्याहत्तर!" वना ओरडला.

क्षणभर मास्तरांचा विश्वासच बसेना. आणि मग, केवळ सवयीने, ते म्हणाले, "हं, दे!"

बाई पुढे होईपर्यंत थप्पड बसली होती. एवढ्या जोराने त्या वर्गात आजवर कोणी मारले नव्हते. सुकदेव कान दाबून खाली बसला. वनाचा चेहरा मात्र उजळून निघाला.

"मास्तर, आखो एक मारू?" त्याने पुन्हा हात उगारला.

वर्ग हसला. दारात कमलबाईही पदराआडून हसली. "मना वाघ रे!"

मास्तर मात्र हसले नाहीत. ते सुकदेवच्या कानाकडे बघत होते. डावाच होता.

"बघितलंत, गुरुजी?" बाईंचा आवाज चढला नाही, पण त्यात शिसारी होती. "हात पोरांचे, मारता तुम्ही. वर्षभर तुम्ही याला काय शिकवलंत, ते याच्या तोंडावर लिहिलंय. सत्त्याहत्तर तर त्याला येतच होते!"

मास्तरांना वाटले, काहीतरी ठणकावून सांगावे. पण वना अजून तळहात उघडा ठेवून, आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता. तो चेहरा मास्तरांना पाहवेना. घाणीत पाय पडावा तसे त्यांना झाले, आणि ती घाण आपणच सांडलेली!

"नको," ते म्हणाले. "आजपासून कोणी कोणाला मारायचं नाही." मग ते बाईंकडे वळले. "बाई, मग... न येणाऱ्याचं करायचं काय?"

"ज्याला आलं त्यानं शेजारी बसून समजावायचं. मोजायला चिंचोके द्या त्यांना."

वनाला आधी सांगताच येईना. सुकदेवने त्याच्याकडे पाठ फिरवली. अखेर वनाने जमिनीवर चिंचोक्यांच्या ओळी मांडल्या, एक ओळ म्हणजे एक गाडी. इतर मुले गोळा झाली, ओळी चुकल्या म्हणून भांडली, पुन्हा मांडू लागली. गलका झाला. टेबलावर आपटायला मास्तरांचा हात वर गेला, आणि त्यांनी तो खाली घेतला.

वनाचे नाव पटावर राहिले. धुळ्याच्या डॉक्टरांनी कान धुऊन दिला, वाहणे थांबले. ऐकू मात्र पुन्हा आले नाही. सुकदेव आणि वनाची मैत्रीही झाली नाही, एवढ्या लवकर होतही नसते.

बंधुभगिनींनो, आपल्या गावच्या शाळेवरून जाताना वर्ग चिडीचूप असेल, तर मास्तरांची पाठ थोपटण्याआधी आत डोकावून बघा. भ्यालेली मुले गप्प बसतात, आणि गप्प बसल्या बसल्या एकच गोष्ट पक्की शिकतात: आपली पाळी आली की कोणाला मारायचे! अशा शाळेतून शहाणी माणसे निघावीत ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?