एक सेंटिमीटर

मल्लप्पानं खिशातून टेप काढला, तसा वकीलसाहेबांनी त्याचा हात दाबला.

"अहो, ठेवा ते आत. इथं चालत नाही."

"चालत न्हाय कसं? पोरगी हितं उभी हाय, टेप हाय, भिंत हाय. दोन मिनिटांचं काम की."

कोल्हापूरच्या हायकोर्टात त्या दिवशीचं एकतिसावं प्रकरण अक्षताचं होतं. मल्लप्पाची ही थोरली लेक तीन वर्षं पहाटे उठून पळाली, आणि पोलीस भरतीत पळायच्या आधीच उंचीत बाद झाली. हवी होती एकशे पंचावन्न सेंटिमीटर, भरली एकशे चौपन्न. वयात बसायची ही शेवटचीच भरती. नवी पेठेत चाळीस वर्षं कपडे शिवणाऱ्या मल्लप्पानं मात्र तिला दुकानाच्या चौकटीला उभं करून स्वतः मोजलं होतं. पुरती एकशे पंचावन्न. खडूची रेघ अजून चौकटीवर होती.

न्यायमूर्तींनी कागद चाळले, चष्म्यावरून अक्षताकडं पाहिलं. ती टाचा जुळवून ताठ उभी होती. ते रागावले असते तर परवडलं असतं. बोलले मायेनं, आणि तेच मल्लप्पाला नंतर छळत राहिलं.

"माप दोनदा घेतलंय, दुसऱ्यांदा वेगळ्या अधिकाऱ्यानं घेतलंय, दोन्ही वेळा तुझी सही आहे. रीत पाळली की नाही, एवढंच आम्ही बघू शकतो, बाळ. आकडा बरोबर की चूक, ते ठरवणं आमचं काम नाही."

याचिका फेटाळली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"म्हंजे चुकीचा असला तरी?" मल्लप्पानं बाहेर जिन्यात विचारलं.

"कोर्ट उंची मोजायला बसलं, तर उद्या पेपरही तपासायला बसावं लागेल," वकील म्हणाले. "पुढं दिल्लीला जाता येईल. पण टेप तिथंही कुणी काढणार नाही."

परतीच्या एसटीत अक्षता खिडकीला डोकं टेकून बसली, ती सांगोल्याला चहालासुद्धा उतरली नाही. मल्लप्पाला करता तर काहीच येत नव्हतं. देवळात गाऱ्हाणं घेऊन जावं आणि देवानं म्हणावं, चपला बाहेर काढल्यास का, एवढंच मी बघतो. तसली गत.

दोन दिवसांनी हाशमभाई दुकानात आले. रिक्षावाले, जुनं गिऱ्हाईक.

"मल्लप्पाभाई, शर्टाची बाही जरा आखूड झालीय. परत मोजून बगा की."

असल्या तक्रारीला मल्लप्पाचं उत्तर ठरलेलं होतं. वही उघडायची, लिहिलेलं माप दाखवायचं आणि शिवलेल्या कापडाला टेप लावायचा. जुळलं की विषय संपला. गिऱ्हाइकाचा हात त्यानं पुन्हा कधी मोजला नव्हता. मल्लप्पा मापात चुकत नाही, हे अख्ख्या गल्लीला पाठ होतं.

वहीत साडेतेवीस. बाहीही साडेतेवीस. त्यानं वही मिटली. हाशमभाई शर्टाची घडी करायला लागले.

"थांबा हो," मल्लप्पा म्हणाला. "हात द्या जरा."

खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावला. चोवीस. काढला, पुन्हा लावला. चोवीसच.

मशिनीचा आवाज थांबला. अक्षता आधी नुसती काज-बटणं करायची, ती आता मशिनीवर बसायला लागली होती. ती बघत होती.

"सोमवारी न्या, हाशमभाई. चूक माजी हाय."

हाशमभाई गेले. मल्लप्पाच्या हातातला टेप तसाच लोंबत राहिला.

"ये गं," तो कसाबसा म्हणाला. "एकदा परत उभी ऱ्हा."

अक्षतानं चौकटीवरच्या रेघेकडं पाहिलं, मग बापाकडं.

"नगं, अप्पा. तुमी बरोबरच मोजलं हुतं."

आणि तिनं पुन्हा मशीन सुरू केली. मल्लप्पाला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटलं म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहीच्या आत अर्धा इंच कापड दुमडलेलं होतं. तेवढं सोडता येणार होतं. त्यानं टीप उसवायला घेतली.