आवाज कमीच ठेवावा

बाबांचा आवाज घरात त्यांच्या आधी शिरायचा. जिन्याच्या खालच्या पायरीवर पाय पडला की वर सूनबाईला कळायचं, आले. मग हाक यायची, "अगंऽऽ, दार उघड, मी आलोऽऽ!" आणि शेजारच्यांचं मांजर पलंगाखाली जायचं.

यात त्यांचा तरी काय दोष? चौतीस वर्षं त्यांनी फेरीबोटीच्या धक्क्यावर हाका मारल्या होत्या. धक्क्यावर कर्णा होता, नाही असं नाही, पण खाऱ्या वाऱ्याने तो सारखा आजारी. दर आठवड्याला त्याचा घसा बसायचा. बाबांचा कधी बसला नाही. धुक्यात उभे राहून, अंगावर पाणी घेत, पल्याडच्या काठाला ऐकू जाईल असं ते ओरडायचे. आणि नुसतं ओरडणं नाही, चालीत बांधलेलं:

दोर सुटला, दोर सुटला, मागं राहिलं कोण?
पोर घ्या हो कडेवरती, हाती पिशव्या दोन!

सोबती त्यांना 'भोंगा' म्हणायचे. बाबांना ते नाव कधी टोचलं नाही. जुन्या सदऱ्यासारखं अंगाला बसलं होतं.

बायको गेल्यावर एकट्याने राहणं जमेना, तेव्हा मुलाने त्यांना आपल्याकडे आणलं. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. तीन आठवडे रस्त्यावर, एक आठवडा घरी. म्हणजे खरं पाहता घर होतं सासऱ्याचं आणि सुनेचं.

सुनेचं कामही आवाजाचंच, पण अगदी उलट्या काठावरचं. कुणी गाणारी आपलं गाणं एका गावातून पाठवायची, कुणी वाजवणारा आपलं वाजवणं दुसऱ्या गावातून. ते सगळं कॉम्प्युटरवर एकत्र आणून, कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडणार नाही असं बसवायचं, हे तिचं काम. आतल्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडत असल्यामुळे तिचं टेबल बाहेरच्या खोलीत होतं, भिंतीला लागून, बाबांच्या आरामखुर्चीशेजारी. सकाळभर ती हेडफोन लावून काम करायची आणि बाबा शेजारी बसून तिची मान हलताना बघायचे. गाणं त्यांना ऐकू यायचं नाही, पण मानेवरून लय कळायची. दुपारी ती नाटकाच्या तालमीला ध्वनीची बाजू सांभाळायला गेली की मग बाबांची पाळी. तिच्याच कॉम्प्युटरवर, तिच्याच स्पीकरवर ते नावाड्यांची जुनी गाणी लावायचे.

भानगड तिथेच झाली. बाबांची बोटं दोर ओढून ओढून जाड झालेली. माऊसने पडद्यावरची आवाजाची पट्टी जरा सरकवायला जावं, तर ती एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकावर उडी मारायची. एके दुपारी ती वरच्या टोकाला गेली आणि तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने कानाला हेडफोन लावले, गाणं सुरू केलं, आणि खुर्चीवरून अशी उठली की खुर्चीच मागे पडली.

"काय गं, विंचू चावला का?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. तुमची बोट कानात शिरली."

ती रागावली नाही. तिने त्यांना जवळ बोलावलं आणि सगळं उलगडून सांगितलं. "आवाज तीन ठिकाणी असतो बाबा. एक गाण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक कॉम्प्युटरचा, आणि एक या डबीचा." डबी म्हणजे अँप्लिफायर. विटेएवढा, काळा, समोर एकच मोठं गोल बटण; एका यूएसबी वायरने तो कॉम्प्युटरला बांधलेला. "एकाने वाढवायचा, दुसऱ्याने दाबायचा, असं झालं की कोण काय करतंय ते कळत नाही."

"एका सुकाणूला तीन तांडेल," बाबा म्हणाले.

"अगदी तस्संच! म्हणून मी आता दोघांना घरी बसवलंय. राज्य या बटणाचं. फिरवून बघा."

बाबांनी बटण फिरवलं. इकडे बोट हललं आणि तिकडे, हात न लावता, पडद्यावरची पट्टी आपल्या आपण सरकली. बाबांनी उलटं फिरवलं. पट्टी मागे आली. त्यांनी पुन्हा पुढे नेली, पुन्हा मागे आणली. लहान वासरू दाव्याने चालवावं तशी ती चालत होती.

"अगं, ही ऐकते!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडे मांजर हललं असणार.

बाबा संध्याकाळचे फिरायला गेले तेव्हा सूनबाईने आणखी एक काम केलं. वायरींना नावं चिकटवायला छोट्या पट्ट्या छापायचं यंत्र तिच्याकडे होतं. तिने दोन पट्ट्या छापल्या आणि डबीवर एकीखाली एक लावल्या. वरची: 'बटण इथूनच फिरवावे.' खालची: 'आवाज कमीच ठेवावा.'

आता अँप्लिफायर चालू राहिला की तापतो. तापला की गोंद सुटतो. रात्रीतून खालची पट्टी हळूच ओघळली आणि खालच्या स्टुलावर बाबांच्या चष्म्याचं घर होतं, त्यावर जाऊन पडली. पडली ती पडली, आणि उरल्यासुरल्या गोंदाने अशी सरळ चिकटली, की कुणी मापून लावावी.

सकाळी बाबांनी चष्मा घ्यायला हात घातला. चष्मा चढवला आणि वाचलं.

*आवाज कमीच ठेवावा.*

त्यांनी दोनदा वाचलं. मग आत भांडी लावत असलेल्या सुनेकडे बघितलं. ती गुणगुणत होती. तोंडावर बोलायला जड गेलं असेल पोरीला, त्यांना वाटलं. म्हणून अशी, सभ्यपणे, छापून. 'ठेव' नाही, 'ठेवावा' म्हटलंय. आणि खोटं तरी काय आहे? हिचे कान म्हणजे हिची भाकरी. आणि त्या कानांशेजारी आपण चार महिने भोंगा वाजवत बसलोय.

पट्टी त्यांनी सोलून काढली नाही. चष्म्याचं घर खिशात ठेवलं, आणि त्या दिवसापासून आवाज उतरवला.

उतरवला म्हणजे किती? धक्क्यावरच्या माणसाला मधली पायरी ठाऊक नसते. तो एकतर पल्याड पोचवतो किंवा गप्प बसतो. बाबा कुजबुजायला लागले. जिन्यावरून हाक येईना. चहा हवा असला की ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे, सूनबाई वळेपर्यंत. एकदा ती वळली आणि दचकून तिच्या हातातली बशी गेली.

मुलाचा फोन आला. बाबा फोनच्या कानात बोलावं तसे बोलले.

"बाबा? हॅलो? बोगद्यात आहात का?" मुलगा विचारत होता.

"घरीच आहे रे."

"काय? काही ऐकू येत नाही. मीच बोगद्यात असेन. ठेवतो!"

दुपारची गाणीसुद्धा बाबांनी खाली आणली. बटण जवळजवळ शून्यावर, आणि कान स्पीकरच्या जाळीला टेकलेला. सूनबाई एकदा तालमीहून लवकर परतली तर ते असे बसलेले दिसले. डोळे मिटलेले, गाल स्पीकरला लावलेला, जणू दाराला कान लावून आत कुणी आहे का ते ऐकतायत. ती मनात म्हणाली, बोलणं खाली गेलं, ऐकणंही गेलं. हे वयाचं दिसतंय. मग तिने आपल्या परीने उपाय सुरू केला. ती त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागली.

"बाबाऽ! भात वाढू काऽ?"

बाबा चपापले. मला म्हणते कमी ठेवा, नि स्वतः ओरडते. म्हणजे मनातला राग आता बाहेर पडायला लागला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं, आणि ताटातलं होतं तेवढं संपवून उठले.

त्या बुधवारी त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दोन तासांवर राहायची.

"मी येऊ का थोडे दिवस तुझ्याकडे?"

"थोडे का, कायमचे या. पण काय झालं? वहिनी काही बोलली?"

"छे गं. ती कशाला बोलेल? एक शब्द बोलली नाही." हे अगदी खरं होतं. छापलं होतं, बोलली नव्हती.

रविवारी गाडी पाठवते, लेक म्हणाली. फोन ठेवून बाबा खुर्चीत बसले. लेकीचं घर मोठं, मागे अंगण, दोन नातवंडं. तिथे काही कमी नव्हतं. पण सकाळी शेजारच्या खुर्चीत हेडफोन लावलेली एक मान हलणार नव्हती. जाऊ नये असं फार वाटत होतं, आणि तसं वाटतं हे कुणाला सांगायचं तर आवाज लागतो.

सुनेला त्यांनी शुक्रवारी रात्री जेवताना सांगितलं, हळू, ताटाकडे बघत. "रविवारी लेकीकडे जाईन म्हणतो."

"परत कधी येणार?"

"बघू."

भांडी त्या रात्री जरा जास्त वाजली.

शनिवारी सकाळी बाबा आत बॅग भरत होते. चार सदरे, दोन विजारी, एक शाल. बाहेर सूनबाई कामाला बसली. आज तिला गाणं हेडफोनवर नाही, स्पीकरवर तपासायचं होतं. तिने सुरू केलं, तर काहीच नाही. पडद्यावर सगळं चालू, खोलीत शुकशुकाट. तिने बटणाकडे पाहिलं.

"बाबा, आवाज तुम्ही कमी केलात?"

बाबा दारात आले. हातात घडी घातलेली शाल.

"हो. मीच केला."

"इतका? अहो, काहीच ऐकू येत नाहीये."

"तुलाच हवा होता ना कमी."

"मला? मला इतका कमी कशाला हवा असेल? मी तर रोज सकाळी उठून वाढवते."

बाबांना हे काही उमगेना. "माझा कसा वाढवशील तू?"

"तुमचा-माझा वेगळा कुठे आहे बाबा, एकच तर आहे! बरं, कुठून कमी केलात तेवढं सांगा. पडद्यावरून की इथून?"

"गळ्यातून," बाबा म्हणाले. "छातीतून. जिथून जिथून येतो तिथून सगळीकडून केला. आणखी कुठून कमी करायचा असतो आवाज?"

सूनबाईचा हात बटणावर तसाच राहिला. बाबांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं आणि तिच्यापुढे धरलं. पट्टी कडांनी मळली होती, पण अक्षरं शाबूत होती.

तिने वाचलं. डबीकडे पाहिलं. तिथे एकच पट्टी होती, नि तिच्याखाली गोंदाचा एक चौकोनी, धूळ धरलेला डाग. मग तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे बाबांना मानेवरूनही कळेना.

"अहो, हे डबीला लिहिलं होतं! तुम्हाला नाही! तुम्ही नऊ दिवस..."

"दहा."

"दहा दिवस! आणि मी कानाच्या डॉक्टरची वेळ घेऊन बसलेय! सोमवारची!"

"माझ्या कानाला काय झालंय?"

"तुम्ही स्पीकरला गाल लावून बसत होतात!"

"तू कमी ठेवावा म्हणालीस ना!"

"डबीला म्हणाले होऽऽ!"

दोघंही हसले. मग बाबांचं हसू आधी थांबलं. ते खुर्चीच्या हातावर टेकले.

"पण खरं सांग. त्रास होतो ना माझ्या ओरडण्याचा?"

सूनबाईला खोटं बोलता आलं असतं. तिने बोलून पाहिलंही असेल मनात. मग ती म्हणाली, "पहिला महिना झाला. रोज वाटायचं, कानांना झाकण असतं तर. आईला फोन करून रडलेसुद्धा एकदा."

बाबांनी मान खाली घातली.

"आणि मग?"

"मग सवय झाली, असं म्हणणार होते. पण सवय नाही झाली." ती शब्द शोधत होती. "तुमचा मुलगा तीन-तीन आठवडे नसतो. मी दिवसभर लोकांचे आवाज कानात घालून बसते. सुंदर आवाज बाबा, एकेक असा, की काय सांगू. पण त्यातला एकही मला हाक मारत नाही. कुणीही म्हणत नाही, अगं, दार उघड, मी आलो. ते तुम्ही म्हणता. दहा दिवस जिना मुका होता, तर मी दार उघडं ठेवून काम केलं. हाक आली आणि हेडफोनमुळे ऐकायची राहिली तर, म्हणून."

बाबा बराच वेळ शालीची घडी बोटांनी सरळ करत राहिले. ती आधीच सरळ होती.

"भरा तुमची बॅग," ती म्हणाली, "जायचं असेल तर. मी अडवणार नाही. पण मी पाठवलं असं तिकडे सांगायचं नाही."

बाबा उठले. आत न जाता फोनपाशी गेले. लेकीचा नंबर लावला. घंटा वाजायला लागली तसा त्यांनी घसा खाकरला. दहा दिवसांत तो जरा गंजला होता. पहिला शब्द फाटका निघाला, दुसरा त्याहून बरा, आणि तिसऱ्याला छातीतली सगळी हवा पाठीशी आली.

"हॅलोऽऽ! कोण, तूच ना? उद्या गाडी पाठवू नकोस गंऽऽ!"

शेजारी काहीतरी पलंगाखाली धडपडलं. सूनबाईने कानांवर ठेवायला हात उचलले, आणि अर्ध्यावरून खाली घेतले.

फोनमधून लेकीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "बाबा! हळू! माझा कान गेला! एवढे चिडलात कुणावर?"

"चिडलोय कुठे?" बाबा ओरडले. "घरी आहे मी!"