शोकसभेनंतर काम बंद

रविवार होता. बाबा ओट्याला टेकून पोहे खात होते आणि मिक्सरच्या घरघरीवर आवाज चढवून मला शिकवत होते.

"मृणाल, एफआयआर नवी आहे म्हणून कलमं नवी लावायची नाहीत. मारामारी मे चोवीसमधली, नवे कायदे जुलैत आले, म्हणजे गुन्हा जुन्या संहितेतला. पण अर्ज आपण आत्ता केला, म्हणून अटकपूर्व जामीन नव्या संहितेखाली. आधी दोन्ही तारखा बघायच्या."

"दहादा सांगितलंत."

"बारमधले निम्मे वकील अजून चुकतायत. भय्यासाहेब काल अटकपूर्वला जुनं कलम चारशे अडतीसच म्हणत होता. म्हटलं, भाई, अब चार सौ बयासी बोलो, नाहीतर तुझा अशील आत आणि तू बाहेर!" हसत त्यांनी पोह्यांवर आणखी जिरावन मसाला भुरभुरवला.

अर्ज निखिलचा होता. टावर चौकात त्याचं चष्म्यांचं दुकान. शेजारच्या दुकानदाराने जुन्या मारामारीची तक्रार वर्ष उलटल्यावर नोंदवली होती. बाबांनी गुरुवारपर्यंत त्याची अटक थांबवून घेतली होती.

सोमवारी पहाटे बाबा झोपेतच गेले.

मला घरात बसवेना. भेटायला येणाऱ्यांसाठी चहा ठेवायचा, तो उकळत असतानाच फाटकापर्यंत जाऊन यायचं. गुरुवारी आईच म्हणाली, "जा बाई कोर्टात."

बाररूममध्ये बाबांच्या फोटोला हार घातलेला होता. सदस्य गेला की शोकसभा, आणि नंतर दिवसभर कोणी वकील कोर्टात उभा राहायचा नाही, ही आमच्या बारची रीत. अध्यक्ष असताना बाबांनीच ती कडक केली होती. दाराशी निखिल उभा होता. कपडे आणि बीपीच्या गोळ्या भरलेली पिशवी घेऊनच आला होता.

"मॅडम, साहेबांसाठी सगळं बंद ठेवणार म्हणतात. मग माझं काय?"

मी आताचे अध्यक्ष भय्यासाहेबांना गाठलं.

"काका, निखिलचं संरक्षण आज संपतंय. मुदत वाढवून मागायला कोणी उभं राहिलं नाही तर संध्याकाळी पोलीस त्याच्या दुकानात असतील."

"जज साहब समझेंगे, बेटा. तुझ्या बाबांसाठी, आपल्या दत्ताभाऊंसाठी, इतना तो बनता है."

"आणि नाही समजले तर?"

"वडिलांची शोकसभा आणि मुलगी कोर्टात बहस करतेय! लोग क्या कहेंगे?"

वकिलांच्या कामबंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने किती वेळा सुनावलंय, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी तो विषय काढला नाही. मौन सुरू झालं. माझा पाय थांबेना. शेजारी बसलेल्या वकील ऋताताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बाहेर शिपाई कोणाचं तरी नाव पुकारत होता. पुढचं निखिलचं असेल असं वाटत राहिलं.

भय्यासाहेब कामबंदीचा ठराव वाचायला उठले, तशी मीही उठले. गळ्यातला वकिली बँड नीट केला, फाइल उचलली. त्यांच्याकडे बघून बोलायचं होतं, पण तोंड फोटोकडे वळलं.

"बाबा, तुमची ही रीत मला कधीच पटली नाही," मी मोठ्याने म्हणाले. "आपलं माणूस गेलं म्हणून दुसऱ्याच्या माणसाने आत का जायचं? मी चालले. बहस मी करणार आहे."