आपलाच समजा

"साहेब म्हणतोय, गालिचा फार सुंदर आहे," जहूर म्हणाला.

"आपलाच समजा म्हणावं," हाजी शम्सुद्दीन नेहमीसारखा म्हणाला.

दुबईत खाडीकाठच्या या इराणी व्यापाऱ्याच्या पेढीवर रत्नागिरीचा जहूर कितीतरी वर्षं दुभाष्या होता. इराण्यांची रीत त्याला पाठ होती. पाहुण्यानं वस्तूची तारीफ केली की ती देऊ करायची, पाहुण्यानं नको म्हणायचं, पुन्हा नको म्हणायचं, आणि वस्तू जागच्या जागी राहायची. तिसऱ्यांदा आग्रह झाला तरच तो खरा. गोऱ्यांपुढे हे वाक्य जहूर सरळ गिळून टाकी. दुभाष्याला पगार निम्मा बोलण्याचा, निम्मा गिळण्याचा.

आज मात्र अंगात ताप होता, डोकं ठणकत होतं. कानावर पडलं ते त्यानं तसंच इंग्रजीत सांगून टाकलं.

तेलकंपनीचा साहेब हरखला. "तुमच्या इराणच्या शहाचे वकील आमच्या राजांना असेच गालिचे नजर करायचे," म्हणाला, आणि त्यानं ड्रायव्हरला गालिचा गुंडाळायला लावला.

हाजीच्या आईनं स्वतः विणलेला गालिचा तो. हाजी रोज त्यावरच नमाज पढायचा.

"सर, ॲक्चुअली..."

हाजीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "खलास. शब्द गेला."

गाडी गेल्यावर जहूर म्हणाला, "चूक माझी, हाजीसाहेब. मी जाऊन सांगतो त्याला. नोकरी गेली तरी चालेल."

"काय सांगशील? हाजी उगाच बोलला म्हणून?" हाजीचा आवाज थकलेला होता. "शहाचे वकील फिरंगी दरबारात गेले, तेव्हाही मध्ये कुणीतरी तापानं फणफणलेला दुभाष्या असेलच. जा, घरी जाऊन पड."

जहूर गेला नाही. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग झाली. हाजी सवयीनं कोपऱ्याकडे वळला आणि उघड्या फरशीपाशी थांबला. जहूरनं तापात अंगावर पांघरलेली चादर काढून तिथं अंथरली. त्याच्या बायकोनं, कुलसुमनं, गावाहून पाठवलेली होती.

"हिच्यावर पढा."

"नको. तुला थंडी वाजतेय."

"पढा हो."

"नको रे, जहूर."

"पढा, हाजीसाहेब," जहूर तिसऱ्यांदा म्हणाला.

हाजीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो चादरीवर उभा राहिला. त्याच्या मागे, उघड्या फरशीवर, जहूर कुडकुडत उभा राहिला.